लिंकर काय ठेवतो, काय काढतो
शेडर प्रोग्राममधला बिनवापराचा कोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्राफिक्स प्रोग्रामिंग शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी एक कोडं पडतं. शेडरमध्ये युनिफॉर्म जाहीर केलेला असतो, स्पेलिंग बरोबर असतं, कंपाइल आणि लिंक दोन्ही बिनतक्रार पार पडतात. तरीही त्या युनिफॉर्मचं स्थान विचारलं की ओपनजीएल −१ असं उत्तर देतं. मग ड्रायव्हर खराब आहे, ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, लायब्ररीत बग आहे, असे संशय सुरू होतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी असतं. लिंकरने त्या युनिफॉर्मचा शेवटच्या चित्रावर काही परिणाम होतो का ते तपासलेलं असतं आणि होत नाही असं दिसल्यावर तो काढून टाकलेला असतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. शेडर म्हणजे जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम. व्हर्टेक्स शेडर त्रिकोणांच्या प्रत्येक शिरोबिंदूसाठी चालतो, फ्रॅगमेंट शेडर त्या त्रिकोणाने व्यापलेल्या प्रत्येक ठिपक्यासाठी. पहिल्याने काढलेल्या किमती दुसऱ्याकडे पोचतात, त्यांना व्हेरिंग म्हणतात. शिरोबिंदूगणिक बदलणारी आत येणारी माहिती म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट आणि संपूर्ण ड्रॉ कॉलभर सारखी राहणारी माहिती म्हणजे युनिफॉर्म. २००४ साली ओपनजीएल २.० मध्ये जीएलएसएल ही शेडर भाषा मुख्य प्रमाणात आली. तेव्हापासून शेडर आधी वेगवेगळे कंपाइल करायचे आणि मग जोडून एक प्रोग्राम बनवायचा, अशी ओपनजीएलची रीत आहे. हे जोडणं म्हणजे लिंकिंग. बिनवापराचा कोड सर्वांत जास्त प्रमाणात बाहेर पडतो तो याच टप्प्यावर. त्याभोवती काही गैरसमज घट्ट बसले आहेत. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : जाहीर केलेली प्रत्येक गोष्ट प्रोग्राममध्ये असतेच.

वस्तुस्थिती : ओपनजीएलच्या प्रमाणात ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. प्रोग्राम चालताना युनिफॉर्म खरोखर वाचला जाईल असं कंपायलर आणि लिंकर मिळून ठरवतात, तेव्हा तो अ‍ॅक्टिव्ह ठरतो. नुसतं जाहीर करणं पुरत नाही. एखाद्या ओळीत त्याचं नाव येणंही पुरत नाही. त्या ओळीचं उत्तर पुढे कुठेच वापरलं जात नसेल, तर ती ओळही जाते आणि तिच्यासोबत युनिफॉर्मही.

खात्रीने सांगता येत नसेल तर काय करायचं, हेही प्रमाणाने सांगून ठेवलं आहे. अशा वेळी युनिफॉर्म अ‍ॅक्टिव्ह समजायचा. याचा अर्थ असा की एक ड्रायव्हर हुशारीने जे काढून टाकेल, ते दुसरा ठेवेल, आणि दोघेही नियमानेच वागत असतील. म्हणून ‘माझ्या मशीनवर तर हा युनिफॉर्म सापडतो’ हा पुरावा दुसऱ्या मशीनसाठी उपयोगाचा नाही. प्रोग्राममध्ये शेवटी काय उरलं, ते लिंक झाल्यावर अ‍ॅक्टिव्ह युनिफॉर्म आणि अ‍ॅट्रिब्यूट यांची यादी मागून पाहता येतं. ती यादी हेच खरं उत्तर.

गैरसमज २ : −१ म्हणजे चूक झाली.

वस्तुस्थिती : युनिफॉर्मच्या बाबतीत −१ ही चूक नाही. त्या नावाचा अ‍ॅक्टिव्ह युनिफॉर्म इथे नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते −१ तसंच किंमत पाठवणाऱ्या फंक्शनला दिलं, तर ओपनजीएल ती किंमत मुकाट्याने सोडून देतं. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. एकाच सी++ कोडने दहा वेगवेगळे शेडर चालवायचे असतील आणि त्यातल्या चारांना धुक्याचा रंग लागत नसेल, तर प्रत्येक ठिकाणी वेगळी अट लिहावी लागू नये, हा तिचा हेतू. वेबजीएलमध्ये −१ ऐवजी ‘नल’ मिळतो, वागणूक तीच.

पण सोयीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. नावाचं स्पेलिंग चुकलं तरी उत्तर −१ च येतं. युनिफॉर्म एखाद्या ब्लॉकच्या आत असला, तरीही −१ च येतं, कारण ब्लॉकमधल्या सदस्यांना स्वतंत्र स्थान नसतंच. त्यांची किंमत बफरमधून जाते. एकाच आकड्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात, म्हणून −१ दिसलं की आधी यादी पाहावी.

अ‍ॅट्रिब्यूटची गोष्ट वेगळी. तिथेही न सापडल्यास −१ मिळतं, पण तो आकडा पुढे अ‍ॅट्रिब्यूट चालू करणाऱ्या फंक्शनला दिला, तर ते फंक्शन बिनचिन्ही संख्या घेत असल्यामुळे −१ चा एक प्रचंड आकडा होतो आणि ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’ ही चूक नोंदवली जाते. म्हणजे फ्रॅगमेंट शेडरमधून प्रकाशाचं गणित तात्पुरतं काढून टाकल्यावर नॉर्मल हा अ‍ॅट्रिब्यूट निघून जातो आणि कालपर्यंत ठीक चाललेला सी++ कोड आज चुका नोंदवू लागतो.

या दोन्हींवर एक चांगला उपाय आहे : स्थानं शेडरमध्येच लिहून द्यावीत. अ‍ॅट्रिब्यूटसाठी ही सोय ओपनजीएल ३.३ पासून आहे, युनिफॉर्मसाठी ४.३ पासून. असं नेमून दिलेल्या स्थानाचा युनिफॉर्म लिंकरने काढला, तरी त्या स्थानावर पाठवलेली किंमत चूक ठरत नाही.

गैरसमज ३ : कंपायलरने मृत कोड काढला, की लिंकरला काही काम उरत नाही.

वस्तुस्थिती : या विषयाचा खरा गाभा इथेच आहे. व्हर्टेक्स शेडर एकटा कंपाइल होतो तेव्हा त्याने बाहेर पाठवलेली प्रत्येक किंमत उपयोगाची आहे, असंच कंपायलरला मानावं लागतं. पलीकडे कोण बसलं आहे ते त्याला माहीत नसतं. फ्रॅगमेंट शेडर समोर आल्यावरच कळतं, की पाठवलेल्या पाच किमतींपैकी दोनच वाचल्या जात आहेत.

मग साखळी सुटत जाते. समजा, फ्रॅगमेंट शेडर स्पर्शिका म्हणजे टॅन्जंट वाचत नाही. तर व्हर्टेक्स शेडरचं टॅन्जंट हे आउटपुट मृत. ते मोजण्यासाठी केलेला मॅट्रिक्सचा गुणाकार मृत. तो मॅट्रिक्स दुसरीकडे कुठे लागत नसेल, तर तो युनिफॉर्म मृत. टॅन्जंटचा अ‍ॅट्रिब्यूट मृत. पाटाच्या शेवटचं शेत पडीक आहे असं कळलं, की त्या शेताकडे जाणारी चारी बंद होते, आणि चारीवर दुसरं शेत नसेल तर पाटाचं दारही बंद होतं. लिंकर असाच टोकापासून मागे सरकत जातो.

ही तपासणी एका फेरीत संपत नाही. एक गोष्ट काढली की दुसरी मृत होते, म्हणून काही बदलेनासं होईपर्यंत फेऱ्या चालतात. उलट दिशेनेही लाभ होतो. व्हर्टेक्स शेडर एखाद्या आउटपुटमध्ये नेहमी १.० च लिहीत असेल, तर ते व्हेरिंग पाठवायची गरज नाही; तो स्थिरांक थेट फ्रॅगमेंट शेडरमध्ये बसतो. मग तिथली ‘हे शून्य आहे का’ अशी अट कंपाइल होतानाच सुटते आणि तिच्या आतला कोड निघून जातो.

मुक्त स्रोत ग्राफिक्स ड्रायव्हरांचा मोठा प्रकल्प म्हणजे मेसा. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली त्याची सुरुवात केली. त्यात २०१५ पासून एनआयआर नावाचं मधलं रूप आहे : शेडर कोणत्याही भाषेतून आला तरी आधी या रूपात येतो, त्यावर सफाई होते, आणि मग त्या त्या जीपीयूचा कोड बनतो. दोन टप्प्यांमधली व्हेरिंग तपासून न वाचलेली काढणं, स्थिरांक पुढे नेणं, दोनदा पाठवलेली सारखीच किंमत एकदाच पाठवणं, उरलेल्या किमती दाटीने बसवणं, ही सगळी कामं मेसामध्ये वेगवेगळ्या पासांनी, म्हणजे कोडवरच्या सफाईच्या फेऱ्यांनी, होतात. २०२४ साली मारेक ओल्शाक यांनी यातली बरीच कामं एकत्र करणारा एक मोठा पास मेसात आणला. दर ठिपक्याला होणारं गणित शिरोबिंदूवरच उरकता येत असेल, तर ते फ्रॅगमेंट शेडरमधून व्हर्टेक्स शेडरमध्ये हलवणंही त्यात आहे. हा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. लिंकर नेमकं काय करतो हे समजून घ्यायचं असेल, तर यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

गैरसमज ४ : पुढच्या टप्प्याने वाचलं नाही म्हणजे ते निरुपयोगीच.

वस्तुस्थिती : पुढचा टप्पा हा एकच वाचणारा नसतो. ट्रान्सफॉर्म फीडबॅक चालू असेल, तर व्हर्टेक्स शेडरचं आउटपुट बफरमध्ये नोंदवलं जातं. ही सोय ओपनजीएल ३.० मध्ये, २००८ साली आली. कणांच्या हालचाली जीपीयूवरच मोजण्यासाठी ती वापरली जाते. फ्रॅगमेंट शेडर त्या किमतीकडे ढुंकूनही पाहत नसला, तरी ती काढता येत नाही. म्हणूनच कोणती आउटपुटं नोंदवायची आहेत ती यादी लिंक करण्याआधी द्यावी लागते. यादी बदलली की पुन्हा लिंक करावं लागतं. अनेकांना हा उगाच घातलेला नियम वाटतो, पण लिंकरला काय जिवंत ठेवायचं हे कळण्याचा तोच मार्ग आहे.

दुसरा प्रकार दुष्परिणामांचा. इमेजमध्ये लिहिणं, स्टोरेज बफरमध्ये लिहिणं, अ‍ॅटॉमिक काउंटर वाढवणं, यांचं उत्तर रंगात दिसत नाही, पण स्मृतीत राहतं. अशा ओळी काढता येत नाहीत आणि त्यांना लागणारं गणितही काढता येत नाही.

तिसरा प्रकार डिस्कार्डचा. झाडाच्या पानांची सावली काढताना रंग लागतच नाही, फक्त खोली लागते. मग पानाच्या टेक्स्चरचं वाचन मृत आहे का? नाही. टेक्स्चरमधला अल्फा पाहून पानाबाहेरचे ठिपके टाकून दिले जातात. रंगाचं गणित जाईल, अल्फाचं राहील. सावलीच्या फेरीत पानं महाग का पडतात, याचं एक कारण इथे आहे.

चौथा प्रकार मांडणीचा. एसटीडी१४० किंवा शेअर्ड मांडणीचा युनिफॉर्म ब्लॉक घेतला, तर त्यातले सगळे सदस्य अ‍ॅक्टिव्ह मानले जातात, एकही वाचला नसला तरी. कारण तोच बफर अनेक प्रोग्राम वाटून घेतात. एका प्रोग्राममध्ये मधला सदस्य गायब झाला असता, तर पुढच्या सगळ्यांचे पत्ते सरकले असते. इथे ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे जागा राखलेली, एवढंच. न वापरलेला सदस्य जीपीयूने वाचावा अशी सक्ती नाही.

गैरसमज ५ : युनिफॉर्मवरची अट बंद ठेवली, की आतला कोड नसल्यासारखाच.

वस्तुस्थिती : युनिफॉर्मची किंमत लिंक करताना माहीत नसते. ‘सावली चालू असेल तर’ अशी अट लिहिली आणि ती कायम बंद ठेवली, तरी लिंकरच्या दृष्टीने ती उद्या चालू होऊ शकते. म्हणून आतला सगळा कोड प्रोग्राममध्ये राहतो. सगळ्या धाग्यांचा (थ्रेडचा) निर्णय सारखाच असल्यामुळे जीपीयू तो भाग ओलांडून जातो हे खरं, पण त्याची एक किंमत आधीच मोजून झालेली असते : रजिस्टरांची.

जीपीयूवर प्रत्येक धाग्याला किती रजिस्टरं द्यायची, हे शेडर चालायच्या आधीच ठरतं, आणि ते सर्वांत जड वाटेप्रमाणे ठरतं. एनव्हिडियाच्या अनेक पिढ्यांमध्ये एका एसएममध्ये, म्हणजे जीपीयूतल्या एका गणना-गटात, ३२ बिटांची ६५,५३६ रजिस्टरं असतात. त्यातल्या ज्या चिपांवर एका वेळी २,०४८ धागे मावतात, तिथे प्रत्येक धाग्याच्या वाट्याला ३२ रजिस्टरं येतात. शेडरने ६४ मागितली, तर १,०२४ धागेच मावतील. जीपीयूचा सारा भर एक धागा टेक्स्चरची वाट पाहत असताना दुसरा चालवण्यावर असतो. धागेच कमी असतील तर ती वाट पाहणं झाकलं जात नाही. म्हणजे कधीही न चाललेली वाट, रोज चालणाऱ्या वाटेला मंद करते.

कोड खरोखर जावा असं वाटत असेल, तर निर्णय लिंकर किंवा कंपायलरपुढे स्थिरांक म्हणून यायला हवा. जीएलएसएलमध्ये प्रीप्रोसेसरच्या ‘डिफाइन’ने ते होतं. व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स प्रणालीत स्पेशलायझेशन कॉन्स्टंट त्यासाठीच आहेत : शेडर एकदाच स्पर-व्ही या मधल्या रूपात आणायचा आणि पाइपलाइन बनवताना किमती भरायच्या.

याचीही एक मर्यादा आहे. चालू-बंद असे १० पर्याय असतील, तर १,०२४ रूपं होतात. ती बनवायला वेळ लागतो, साठवायला जागा. म्हणून युनिटीसारख्या इंजिनात दोन वेगळ्या सूचना आहेत. ‘शेडर फीचर’ लिहिलं, तर कोणत्याही मटेरियलने न वापरलेली रूपं बिल्डमधून गळतात; ‘मल्टी कंपाइल’ लिहिलं, तर सगळी राहतात. गेम चालू असताना स्क्रिप्टमधून एखादा कीवर्ड चालू करायचा असेल आणि तो ‘शेडर फीचर’खाली असेल, तर एडिटरमध्ये दिसणारा परिणाम फोनवर गायब होऊ शकतो. ते रूपच बिल्डमध्ये नसतं आणि इंजिन जवळचं दुसरं रूप निवडतं. फोनला दोष देण्याआधी हे तपासावं.

गैरसमज ६ : शेडरच्या ओळी कमी केल्या, की फ्रेम रेट वाढतो.

वस्तुस्थिती : कंपायलर आणि लिंकरने जे काढलंच असतं, ते तुम्ही हाताने काढल्याने जीपीयूवरचा कोड बदलत नाही. न बोलावलेली फंक्शनं, लांबलचक टिपणं, न वापरलेले चल, यांचा चालण्याच्या वेगाशी संबंध नाही. जीएलएसएलमध्ये रिकर्शनला मनाईच आहे, त्यामुळे कोण कोणाला बोलावतं हे सरळ काढता येतं आणि न बोलावलेली फंक्शनं सहज ओळखता येतात. मोठ्या सामाईक फाइली प्रत्येक शेडरमध्ये घातल्या, तर त्याची किंमत कंपाइल आणि लिंक व्हायला लागणाऱ्या वेळात मोजावी लागते. वेब पान उघडताना किंवा गेमचा नवा टप्पा सुरू होताना तो वेळ जाणवतो. म्हणून ती फाइल छाटावी, पण फ्रेम रेटच्या आशेने छाटू नये.

खरा फायदा जिथे मोठा आहे ती जागा म्हणजे व्हेरिंग. फोनमधले पॉवरव्हीआर, माली यांच्यासारखे जीपीयू पडद्याचे छोटे चौकोन करून काम करतात. व्हर्टेक्स शेडरची उत्तरं आधी मुख्य स्मृतीत लिहिली जातात आणि चौकोन रंगवताना परत वाचली जातात. हिशोब करून पाहा. चार फ्लोटांचं एक व्हेरिंग ३२ बिटांच्या अचूकतेने १६ बाइट घेतं. एका फ्रेममध्ये १ लाख शिरोबिंदू असतील, तर त्यासाठी १६ लाख बाइट. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने ९ कोटी ६० लाख बाइट नुसतं लिहिणं, आणि नंतर वाचणं वेगळं. स्मृतीकडची ये-जा म्हणजे फोनची बॅटरी. कोणी न वाचणारं एक व्हेरिंग लिंकरने काढलं, तर एवढा खर्च वाचतो.

यामुळेच फोनमधल्या जीपीयूंच्या ड्रायव्हरांनी हीच युक्ती आणखी पुढे नेली आहे. अ‍ॅड्रिनो या आणखी एका जीपीयूवर कोणता त्रिकोण कोणत्या चौकोनात पडतो हे ठरवणाऱ्या पहिल्या फेरीसाठी व्हर्टेक्स शेडरचं एक वेगळं रूप बनतं. त्यात फक्त शिरोबिंदूची जागा उरते, बाकी सगळी आउटपुटं मृत मानून काढली जातात. मालीमध्ये बायफ्रॉस्ट पिढीपासून व्हर्टेक्स शेडरचे दोन भाग होतात : आधी जागा काढायची, आणि छाटणीतून उरलेल्या त्रिकोणांसाठीच पुढची व्हेरिंग काढायची. मृत कोड काढण्याची पद्धत इथे साफसफाईपुरती राहत नाही. त्यातून नवा, हलका शेडर जन्माला येतो.

गैरसमज ७ : मृत कोड काढल्याने चित्र तसूभरही बदलत नाही.

वस्तुस्थिती : गणिताच्या पुस्तकात हे खरं आहे, फ्लोटिंग पॉइंटच्या जगात नेहमी नाही. एक परिचित उदाहरण घेऊ. दृश्य आधी फक्त खोलीसाठी काढायचं, आणि दुसऱ्या फेरीत बरोबर तीच खोली असलेले ठिपके रंगवायचे, ही पद्धत अनेक इंजिनं वापरतात. दोन्ही फेऱ्यांत शिरोबिंदूची जागा काढणारं सूत्र एकच असतं. पण पहिल्या फेरीत बाकीचं सगळं मृत असल्याने निघून जातं. उरलेल्या कोडमध्ये कंपायलर गुणाकार आणि बेरीज वेगळ्या क्रमाने लावू शकतो, किंवा एका ठिकाणी दोन्ही मिळून एकच सूचना वापरू शकतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. उत्तरात शेवटच्या बिटाचा फरक पडतो. खोली तंतोतंत जुळत नाही आणि पृष्ठभागावर लुकलुकणारे पट्टे दिसू लागतात.

यावर प्रमाणातच उत्तर आहे. दोन्ही शेडरमध्ये जागेचं आउटपुट ‘इनव्हेरियंट’ म्हणून जाहीर करायचं आणि सूत्र अक्षरशः सारखं ठेवायचं. मग भोवतीचा कोड निघाला तरी त्या एका उत्तराला धक्का लागत नाही.

याच्याशी जोडलेली एक जुनी युक्ती म्हणजे युनिफॉर्म ‘जिवंत’ ठेवण्यासाठी त्याला शून्याने गुणून रंगात मिळवणं. ती भरवशाची नाही. अनंताला शून्याने गुणलं तर उत्तर शून्य येत नाही, म्हणून काटेकोर कंपायलर तो गुणाकार ठेवतो. पण अशा किमती जपण्याची सक्ती जीएलएसएलमध्ये नसल्यामुळे दुसरा कंपायलर सरळ शून्य लिहून युनिफॉर्म काढून टाकतो. त्या युक्तीवर उभा राहिलेला कोड दुसऱ्या कार्डावर कोसळतो. युनिफॉर्म नसला तरी चालेल असा सी++ कोड लिहिणं, हाच टिकाऊ मार्ग.

गैरसमज ८ : लिंक झालं म्हणजे छाटणी संपली.

वस्तुस्थिती : ओपनजीएलमध्ये बरीच स्थिती ड्रॉ कॉलच्या क्षणी कळते. रंग लिहिला जाणार आहे का, कोणत्या प्रकारच्या बफरमध्ये लिहायचा आहे, हे पाहून काही ड्रायव्हर शेडरचं आणखी एक रूप बनवतात आणि त्यात पुन्हा मृत भाग काढतात. एखादी वस्तू पहिल्यांदा काढताना जाणवणारा झटका अनेकदा यातून येतो.

उलट, लिंकिंग मुद्दाम सैल ठेवलेलंही असतं. ओपनजीएल ४.१ मध्ये, २०१० साली, टप्पे वेगवेगळे लिंक करून हवे तसे जुळवण्याची सोय आली. एकच व्हर्टेक्स शेडर वीस फ्रॅगमेंट शेडरांबरोबर वापरायचा असेल तर ती सोयीची आहे. पण मग व्हर्टेक्स शेडरला पलीकडे कोण आहे ते लिंक करताना कळत नाही, आणि तिसऱ्या मुद्द्यातली साखळी सुटतच नाही. लवचिकता हवी की पूर्ण छाटणी, याची निवड प्रोग्रामरने करायची असते.

गैरसमज ९ : व्हल्कनमध्ये लिंकिंग नाही, म्हणून हा प्रश्नही नाही.

वस्तुस्थिती : व्हल्कन २०१६ साली आलं. त्यात लिंक करणारं वेगळं फंक्शन नाही हे खरं. पण ग्राफिक्स पाइपलाइन बनवताना सगळे टप्पे ड्रायव्हरसमोर एकत्र येतात, आणि तेव्हा तो हीच साखळी मागे मागे तपासतो. पाइपलाइन बनवायला वेळ लागतो त्याचं एक कारण हेच. फरक एवढाच, की संसाधनांची मांडणी इथे प्रोग्रामर स्वतः ठरवून देतो. शेडरने एखादं टेक्स्चर वाचलं नाही, तरी डिस्क्रिप्टर मांडणीतली त्याची जागा तशीच राहते. त्यामुळे −१ चं कोडं इथे पडत नाही.

मात्र तोच जुना सौदा इथेही उभा राहिला. पाइपलाइन खेळ चालू असताना बनवावी लागली, की चित्र अडखळतं. म्हणून २०२२ मध्ये ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी हे एक्स्टेन्शन आलं : भाग आधी वेगवेगळे कंपाइल करा आणि ऐनवेळी झटकन जोडा. झटकन जोडताना टप्प्यांपलीकडची छाटणी होत नाही. ती हवी असेल तर वेगळा फ्लॅग देऊन लिंक-वेळेचं ऑप्टिमायझेशन मागावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून आधी झटपट जोडलेली पाइपलाइन वापरायची, मागे दुसऱ्या धाग्यावर नीट छाटलेली तयार करायची, आणि ती आली की बदलायची, अशी पद्धत निघाली. डायरेक्टथ्रीडीचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या डीएक्सव्हीकेने २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या २.० आवृत्तीत हे एक्स्टेन्शन वापरायला सुरुवात केली, ती अडखळणं कमी करण्यासाठीच.

आता या नऊही मुद्द्यांचा निष्कर्ष सांगतो. शेडरमध्ये एखादी गोष्ट वापरली गेली की नाही, हे लिहिण्यावरून ठरत नाही, परिणामावरून ठरतं. रंग, खोली, बफरमध्ये केलेली नोंद, स्मृतीत केलेलं लेखन, टाकून दिलेला ठिपका, हे ते परिणाम. कोणतीही ओळ राहील की जाईल हे जाणून घ्यायचं असेल, तर तिच्यापासून पुढे पाहू नका. या परिणामांपासून मागे मोजत त्या ओळीपर्यंत पोचता येतं का ते पाहा. पोचता आलं तर ती राहील. नाही आलं तर ती जाऊ शकते, आणि ती गेली तर तक्रार करायला जागा नाही.

ग्राफिक्स शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी तीन गोष्टींची विनंती आहे. स्थानं शेडरमध्येच नेमून द्या. लिंक झाल्यावर अ‍ॅक्टिव्ह गोष्टींची यादी छापून पाहायची सवय लावा. आणि जो पर्याय कायम बंद राहणार आहे, तो युनिफॉर्मवर न ठेवता स्थिरांकावर ठेवा. एवढं केलं, तर लिंकरशी भांडण्यात जाणारे तास चित्र सुंदर करण्यात घालवता येतील.